कोल्हापूर ते कन्याकुमारी स्वतःच्या गाडीनं: यादीतलं काय ठेवायचं, काय खोडायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राजारामपुरीतून निघायचं, स्वतःची सात आसनी डिझेल गाडी. तुम्ही दोघं, सत्तरीतले आई-वडील, नववीतला मुलगा, पाचवीतली मुलगी आणि गाडी चालवायला सोबत मेहुणा. दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवस. यादीत हंपी, बदामी, बंगळूर, म्हैसूर, उटी, कोडाईकनाल, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी, आणि जमलं तर येताना मुन्नार. आणि शेवटी विचारलंय, ‘वाटेत आणखी कुठं थांबण्यासारखं आहे?’

कोल्हापुरात माझा प्रवासी गाड्यांचा धंदा आहे. आधी बरीच वर्षं स्वतः गाडी मारली, आता जास्त करून कुठली गाडी कुठं आणि कुणाबरोबर पाठवायची हे बघतो. दक्षिणेची ट्रिप आमच्याकडं दर हिवाळ्यात लागते. त्यामुळं स्पष्टच सांगतो: आणखी कुठं थांबू नका. आहे त्यातलंच निम्मं खोडावं लागणार आहे. थांबण्यासारखी ठिकाणं या वाटेवर पैशाला पासरी आहेत. तुमची खरी अडचण ही आहे की सात माणसं, त्यातली दोन म्हातारी, रोज किती तास बसवून न्यायची आणि उतरवायची तेव्हा ती बघण्याच्या अवस्थेत असतील का.

आधी हिशोब करू. कोल्हापूर ते बंगळूर साधारण 610 किलोमीटर. तिथून सरळ कन्याकुमारी पावणेसातशेच्या आसपास. म्हणजे नाकासमोर जाऊन नाकासमोर यायचं म्हटलं तरी अडीच हजार. रामेश्वर घेतलं की आकडा तीन हजाराकडं जातो. त्यात उटी, कोडाई, मुन्नार घातलं की त्याच्याही बराच वर, आणि ती भर सगळी घाटातली. आता वेग. चौपदरीवर काटा नव्वदवर असला तरी चहा, टोल, लघवी, मुलीला मळमळणं, वडिलांची गोळी हे सगळं धरून घराच्या दारापासून लॉजच्या दारापर्यंत तासाला 55 किलोमीटरच पडतात. तामिळनाडूतल्या आतल्या रस्त्यांवर 40 ते 45 धरा. घाटात 25 ते 30. मोबाईलवरचा नकाशा जो वेळ दाखवतो तो न थांबणाऱ्या गाडीचा असतो, आणि तुमच्या गाडीत सत्तरीतली दोन माणसं आहेत.

तर तीन हजार किलोमीटरला झाले सुमारे साठ तास. दहा दिवसांत वाटले तर रोज सहा तास, एकही दिवस सुट्टी न घेता. आमच्या ड्रायव्हर लोकांना 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ तासांची मर्यादा आहे, आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. ही मर्यादा रोज स्टेअरिंगवर बसणाऱ्या माणसासाठी आहे. तुम्ही आणि मेहुणे आलटून पालटून चालवणार असलात तरी सहा-सात तासांच्या वरचा दिवस ट्रिपमध्ये दोनदाच येऊ द्या, तोही जाताना-येताना चौपदरीवर.

दिवाळीबद्दल. आपल्याकडं पाऊस जातो तेव्हा तिकडं येतो. तामिळनाडूचा मोठा पाऊस हा ईशान्य मोसमी, साधारण ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत चालतो. कमी दाबाचे पट्टे आणि चक्रीवादळं याच काळातली. तुम्हाला जायचंय तो सगळा पूर्व किनारा, म्हणजे बरोबर त्याच्या तोंडी. वारा जास्त असला की रामेश्वरपुढच्या धनुष्कोडीकडं गाड्या सोडत नाहीत, कन्याकुमारीच्या शिळेवर जाणाऱ्या बोटी बंद ठेवतात. शिवाय नोव्हेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत शबरीमलैचा हंगाम असतो. काळे कपडे घातलेले अय्यप्पा भक्त दर्शन करून मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी असं फिरत येतात, तेव्हा लॉजही मिळत नाही आणि रांगाही हलत नाहीत. मे महिन्यात जाण्याचा विचार असेल तर तोही सोडा, तिथल्या उन्हात म्हाताऱ्या माणसांना देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालवणं म्हणजे शिक्षा आहे.

माझ्या मते योग्य काळ संक्रांत उरकल्यावरचा, 20 जानेवारीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. 26 जानेवारीला जोडून रजा काढता आली तर बघा. नववीच्या मुलाची शाळा बुडेल हे मान्य. पण दिवाळीशिवाय जमतच नसेल तर एक दिवस पूर्ण मोकळा हाताशी ठेवा आणि रामेश्वरचं लॉज रद्द करता येईल असंच घ्या. पुढचं सगळं मी जानेवारी धरून लिहितो.

आता खोडाखोडी. उटी, कोडाई आणि मुन्नार एकदम काढा. तिन्ही थंड हवेची ठिकाणं, जानेवारीत कोल्हापुरातून थंडी बघायला जाण्यात काही हशील नाही, आणि प्रत्येकाला वर-खाली मिळून एक दिवस जातो. म्हैसूर आणि उटी मिळून वेगळी पाच दिवसांची ट्रिप छान होते. बदामी आणि हंपीही काढा. वाईट वाटेल, पण हंपी ही जाता-जाता बघायची जागाच नाही. तिला दोन अख्खे दिवस लागतात आणि ती इथून साडेतीनशेच्या थोडं वर आहे. कुठल्याही जोडून आलेल्या सुट्टीत बदामी, पट्टदकल, हंपी असं सावकाश करता येतं. कन्याकुमारीच्या वाटेवर हंपी घातली की लोक विठ्ठल मंदिरातल्या दगडी रथापुढं एक फोटो काढतात आणि गाडीत बसतात. बंगळूरमध्ये मुक्काम नको, बंगळूर फक्त ओलांडायचं.

मग ठेवायचं काय? माझा नियम साधा आहे. ठिकाण नावाजलेलं आहे म्हणून थांबायचं नाही. ते वाटेत असलं पाहिजे, बघण्याच्या वेळेला आलं पाहिजे, आणि गाडीतल्या किमान निम्म्या माणसांना तिथं उतरण्याचं काहीतरी कारण असलं पाहिजे. दिवसाला असं एकच ठिकाण. बाकीचे थांबे हातपाय मोकळे करायचे.

आणि कारणाचं म्हणाल तर कोल्हापूरच्या माणसाला या वाटेवर आयतं कारण आहे. रायगडाला वेढा पडल्यावर छत्रपती राजाराम महाराज बाहेर पडले, पन्हाळ्यावर आले, आणि सप्टेंबर 1689 मध्ये पन्हाळ्यावरून वेष पालटून तामिळनाडूतल्या जिंजी किल्ल्याकडं निघाले. वाटेत बिदनूरच्या राणी चन्नम्मानं आसरा दिला, पुढं बंगळूर, वेल्लोर करत ते महिन्याभरात तिकडं पोचले. मोगलांनी जिंजीला 1690 पासून वेढा घातला, तो 1698 पर्यंत रेंगाळला. महाराज त्यातून निसटून परत आले ते विशाळगडावर. म्हणजे निघाले आपल्या जिल्ह्यातून आणि परतले आपल्याच जिल्ह्यात. 2025 साली युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यात पन्हाळा आहे आणि महाराष्ट्राबाहेरचा एकच आहे, तो जिंजी. नववीतल्या मुलाला हे आधी सांगून ठेवा. जिंजी आणि तंजावर हा ट्रिपचा कणा धरा, रामेश्वर आई-वडिलांसाठी, कन्याकुमारी सगळ्यांसाठी. एवढंच.

आता वाट. शनिवारी निघा. कारण पुढं येईल. लोक पहाटे तीनला निघतात, ‘रस्ता मोकळा मिळतो’ म्हणून. जानेवारीत ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असतो. कागल, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर अंधारात चाललेले असतात, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याखाली झाकलेला. धुकं असलं तर गाठ पडेपर्यंत दिसत नाही. सहा-सव्वासहाला निघा, निपाणी येईतो फटफटीत उजाडतं. महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम जिथं चालू असेल तिथं एकाच बाजूनं दोन्हीकडची वाहतूक सोडलेली असते. तेवढ्या तुकड्यात ओव्हरटेक करायचाच नाही, असं मेहुण्यांनाही बजावून ठेवा.

जेवणाला दावणगेरे. तिथला बेण्णे डोसा, म्हणजे लोण्याचा, मुलांना आवडतो आणि म्हाताऱ्यांनाही झेपतो. तिथून तासाभरात चित्रदुर्ग. पहिला मुक्काम इथंच. लॉजवर सामान टाकून, चहा घेऊन चारच्या सुमारास किल्ल्यात जा. आई-वडिलांना पहिल्या दोन-तीन दरवाजांपर्यंत न्या, पुढं दगडाच्या पायऱ्या आहेत. मुलांना ओबव्वाची खिंड दाखवा. हैदर अलीचे सैनिक ज्या भोकातून घुसत होते तिथं पहारेकऱ्याच्या बायकोनं मुसळ घेऊन एकेकाला कसं गारद केलं, ही गोष्ट तिथल्या प्रत्येक गाईडला पाठ आहे.

दुसरा दिवस रविवार, म्हणून शनिवारी निघायचं. चित्रदुर्गहून लवकर सुटलात की नऊच्या आसपास तुमकूर रोडवरून नाइस रोडला, म्हणजे बंगळूरच्या बाहेरून जाणाऱ्या टोलच्या रस्त्याला लागता आणि गावात न शिरता थेट होसूर रोडला, इलेक्ट्रॉनिक सिटीपाशी बाहेर पडता. हेच सोमवारी केलंत तर तेवढ्याच अंतराला दुप्पट वेळ. होसूरपुढं तामिळनाडू. कृष्णगिरीपर्यंत चौपदरी, तिथं महामार्ग सोडून तिरुवण्णामलैचा रस्ता धरा. दिवसभरात चारशेच्या आसपास होतात, हा पहिला लांब दिवस. तीन-साडेतीनला पोचलात की तिथलं शंकराचं मोठं देऊळ दुपारनंतर उघडायच्या वेळेला तुम्ही आंघोळ करून तयार. इथं एकच काळजी घ्यायची. कॅलेंडरमध्ये पौर्णिमा बघा. दर पौर्णिमेला अरुणाचल डोंगराची प्रदक्षिणा घालायला लाखांनी माणसं येतात, गाव बंद असतं. तुमची रात्र पौर्णिमेला पडत असेल तर ट्रिपच आठवडाभर पुढं-मागं करा.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिंजी, तिरुवण्णामलैहून चाळीसेक किलोमीटर. उन्हं चढायच्या आत पोचा. तीन डोंगर आणि त्यांना जोडणारा तट असा हा किल्ला आहे. राजगिरी सगळ्यात उंच, पायथ्यापासून जवळजवळ आठशे फूट, पायऱ्या उंच आणि वर जाताना माकडं. तुम्ही, मेहुणे आणि मुलगा वर जा, पाण्याच्या बाटल्या सॅकमध्ये ठेवा, हातात धरल्यात तर माकडं घेतात. आई-वडील आणि मुलगी खालीच रमतील: मजल्यावर मजले चढवलेला कल्याण महाल, धान्याची कोठारं, सावलीला झाडं. शेवटच्या टप्प्याला एक खोल घळ आहे आणि तिच्यावरून पूल. तिथं उभं राहून मुलाला एवढंच विचारा, की हा पूल काढून घेतला तर वर कोण कसा येणार. आठ वर्षं वेढा का चालला हे त्याला पुस्तकातल्यापेक्षा लवकर कळेल. बारापर्यंत खाली या, जेवा, आणि विलुपुरम, कुंभकोणम करत तंजावर. रस्ता चांगला आहे. कुंभकोणमला चार वाजून गेले असतील तर दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर बघून पुढं जा. गर्दी नसते, आणि आमच्या अनेक गिऱ्हाइकांना ते तंजावरच्या मोठ्या देवळापेक्षा जास्त आवडतं.

चौथा दिवस तंजावर, गाडी लॉजवर उभी. हा दिवस कुणी कितीही म्हटलं तरी काढू नका. तीन दिवसांत हजारेक किलोमीटर झालेले असतात, आईचे पाय सुजलेले असतात, कपडे धुवायला टाकायचे असतात. सकाळी बृहदीश्वर मंदिर. राजराज चोळानं बांधलेलं, 1010 सालचं, हे सगळे सांगतात. आपल्या लोकांनी बघायचं ते वेगळं: आवाराच्या नैऋत्येकडच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, देवनागरीत, 1803 साली, दुसऱ्या सरफोजी राजांच्या वेळचा. ओळीच्या ओळी. भाषा जुनी आहे, पण शब्द लागतात. पाचवीतली पोरगी तीन दिवस फक्त कानडी आणि तामिळ पाट्या बघत आलेली असते, तिला तिथं बोट ठेवून वाचायला लावा. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांच्यापासून 1855 पर्यंत इथं भोसल्यांचं राज्य होतं, आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या घरांतून अजूनही एक वेगळ्या धाटणीची मराठी बोलली जाते. दुपारी राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय. वडिलांना मोडी येत असेल किंवा आवड असेल तर त्यांना तिथून उठवायची घाई करू नका.

इथं देवळांच्या वेळेचं सांगून टाकतो, कारण पुढचे सगळे दिवस त्यावर आहेत. तामिळनाडूतली बहुतेक मोठी देवळं दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतात ती चारच्या आसपास उघडतात. आपल्याकडं अंबाबाईला दिवसभर कधीही जाता येतं, त्यामुळं लोक हे धरतच नाहीत आणि एक वाजता बंद दारापुढं जाऊन उभे राहतात. म्हणून सकाळी दर्शन, दुपारी प्रवास, संध्याकाळी पुढच्या गावचं देऊळ, असा दिवस बांधायचा. किल्ल्याच्या दिवशीही सकाळच. कपड्यांचं: बर्म्युडा नको, पुरुषांनी एक-एक लुंगी किंवा धोतर ठेवावं, कन्याकुमारीच्या देवीच्या देवळात पुरुषांना सदरा-बनियन काढूनच आत जावं लागतं. मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात मोबाईल नेऊ देत नाहीत, बाहेर जमा करायचे. सगळे एकमेकांना चुकले तर भेटायची जागा आधीच ठरवून आत जा.

पाचव्या दिवशी रामेश्वर, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. पांबनचा पूल आला की सगळ्यांना गाडी थांबवून समुद्र बघायचा असतो. पुलावर थांबू नका, पलीकडं उतरल्यावर जागा बघा. इथं दोन रात्री ठेवा. आई-वडिलांची ही यात्रा आहे, तिला घाई लावायची नाही. सहाव्या दिवशी पहाटे स्फटिकलिंगाचं दर्शन असतं. बावीस तीर्थांचं स्नान म्हणजे एकेका विहिरीवर जाऊन डोक्यावर बादली ओतून घेत पुढं चालणं. सगळी फरशी ओली, लोक घाईत, सत्तरीच्या माणसाचा पाय घसरायला एवढं पुरतं. आईला सोबत एक जण हात धरून हवाच. ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडं सोडत नाहीत, त्यामुळं कोरडे कपडे पिशवीत घेऊन कुणीतरी बाहेर थांबलेलं असावं. लॉज घेताना देवळाला चिकटून नको, देवळाभोवतीच्या रस्त्यांत गाडी जात नाही. पाच-सात मिनिटांच्या चालीवर, पण स्वतःचं पार्किंग असलेलं बघा.

त्याच दिवशी नाश्ता करून धनुष्कोडी. 22-23 डिसेंबर 1964 च्या रात्रीच्या वादळात हे गाव गेलं, चर्चच्या आणि रेल्वे स्टेशनच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. आता अगदी टोकापर्यंत डांबरी रस्ता आहे, दोन्ही अंगाला पाणी. संध्याकाळी लवकर गाड्या आत सोडायच्या बंद करतात, म्हणून दुपारनंतरवर टाकू नका.

सातव्या दिवशी रामनाथपुरम, तुतिकोरीन करत कन्याकुमारी, तीनशेच्या थोडं वर. मध्ये तिरुचेंदूरचं मुरुगनाचं देऊळ अगदी समुद्रावर आहे. वेळेत पोचलात तर दर्शन, नाहीतर नुसतं किनाऱ्यावर बसा. कन्याकुमारीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सूर्यास्त, दुसऱ्या दिवशी सूर्योदय, सकाळच्या पहिल्या बोटींनी विवेकानंद शिला. 1970 सालचं हे स्मारक ज्यांनी उभं केलं ते एकनाथजी रानडे आपल्या विदर्भातले. शेजारी तिरुवल्लुवरांचा 133 फुटी पुतळा. दोन्हींच्या मध्ये आता काचेचा पूल आहे, मुलं खूश.

आठव्या दिवशी दुपारी निघून मदुराई, चौपदरी, अडीचशे किलोमीटर. संध्याकाळी उशिरा किंवा नवव्या दिवशी भल्या सकाळी मीनाक्षी. मग सेलम करत होसूर. नववा दिवस हा दुसरा लांब दिवस. दहाव्या दिवशी सकाळी बंगळूर ओलांडून दावणगेरे. हा दिवस मुद्दाम हलका आहे. वेळ उरला तर महामार्ग सोडून चन्नगिरी तालुक्यातल्या होदिगेरेला जा. शहाजी राजे 1664 साली त्या भागात शिकारीत घोड्यावरून पडून गेले, त्यांची समाधी तिथं आहे. लहानशी, शेतांच्या मध्ये. कोल्हापूरहून बंगळूरला महिन्यातून दोनदा जाणाऱ्या माणसांनाही ती माहीत नसते. अकराव्या दिवशी दावणगेरेहून निघालात की उजेडात घरी.

मोजलंत तर अकरा दिवस झाले. अकराचे दहा कसे करायचे ते खाली सांगतो.

गाडीचं. सात माणसं बसली की सात आसनी गाडीत सामानाला जागा उरत नाही, हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. एकतर कॅरियर आणि ताडपत्री, नाहीतर माणशी एक मऊ पिशवी आणि तंजावरला धुलाई. मी दुसरं निवडेन. कॅरियरवर बॅगा चढवल्या की मायलेज पडतं, वळणावर गाडी झुलते आणि प्रत्येक लॉजवर दोरी सोडायचं काम तुमच्याच मानेवर. आई-वडिलांना मधल्या रांगेत दाराकडेला बसवा, मुलांना मागं. टायरची हवा पूर्ण भरलेल्या गाडीची वेगळी असते, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, त्यातला मोठा तुमचा. हवा सकाळी टायर गार असताना बघायची. स्टेपनीतली हवा, जॅक आणि पाना घरीच काढून बघा, जॅक कुठं ठेवलाय हे रस्त्यावर शोधायला लागू नये.

एक बारीक गोष्ट आहे जी जवळजवळ कुणी करत नाही. मागची रांग भरली की गाडीचं बूड बसतं, नाक वर उठतं, आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. तो डिपर मारून बेजार होतो आणि तुम्हाला वाटतं लोक उगाच मारतायत. स्टेअरिंगच्या उजव्या बाजूला, गुडघ्याच्या वर, शून्य ते तीन असे आकडे असलेलं एक चाक असतं. भरलेल्या गाडीला ते दोनवर किंवा तीनवर न्या, रस्ताही जवळचा नीट दिसेल.

पोटाचं. घरून पहिल्या दिवसापुरती दशमी-धपाटी घ्या आणि कांदा-लसूण चटणीचा एक डबा अकरा दिवसांसाठी. चौथ्या दिवसापासून सांबार-भात बघून वडील जेवायचे कमी होतात, मग तो डबा कामाला येतो. आणि म्हातारी माणसं गाडीत पाणी पीत नाहीत. सारखी गाडी थांबवायला लागू नये म्हणून. संकोचानं बोलतही नाहीत. त्यांनी मागण्याची वाट न बघता दर दीड-दोन तासांनी मोठ्या पंपावर गाडी थांबवा, ‘मलाच जायचंय’ म्हणा.

पैशाचं ढोबळ: वळसे धरून तीन हजार एकशे-दीडशे किलोमीटर, भरलेल्या गाडीला लिटरला 14 धरले तर सव्वादोनशे लिटर डिझेल, म्हणजे वीस हजारांच्या आसपास. टोलसाठी फास्टॅगचा वार्षिक पास घ्या. 15 ऑगस्ट 2025 पासून खासगी गाड्यांना तो मिळतो, वर्ष किंवा 200 टोल यातलं जे आधी संपेल तोवर चालतो, आणि ही सगळी ट्रिप त्यात बसून बरंच उरतं. मात्र तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, नाइस रोडसारख्या ठिकाणी वेगळे पैसे जातात, तेव्हा फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवा आणि थोडे सुटेही.

आता अकरावा दिवस. रजा वाढत नसेल तर बरेच जण तंजावरची सुट्टी कापतात, आणि रामेश्वरला पोचेपर्यंत एक जण आजारी पडलेला असतो. मी असतो तर कन्याकुमारी कापली असती. रामेश्वरहून मदुराई पावणेदोनशे किलोमीटर आहे. सातव्या दिवशी थेट तिथं गेलात तर ट्रिप निवांत दहा दिवसांत बसते, पावणेचारशेच्या आसपास किलोमीटर वाचतात आणि आई-वडिलांचं काहीच सुटत नाही. मुलं कुरकुर करतील, नकाशाचं टोक गाठायचं होतं म्हणून. घरात एकदा विचारून बघा. टोक हवंच असं ठरलं तर अकरा दिवस काढावेच लागतील. त्यात पहिला दिवस हलका करायचा असेल तर शनिवारऐवजी शुक्रवारी दुपारी निघून पहिली रात्र धारवाडला काढा, शनिवारी दुपारपर्यंत चित्रदुर्गला आरामात पोचता आणि रजा आणखी अर्ध्याच दिवसानं वाढते. पण मग धारवाडला अंधार पडायच्या आत पोचायचं, म्हणजे कोल्हापूर दोनच्या आत सोडायचं. तारीख ठरली की कळवा, पौर्णिमा आणि लॉज दोन्ही मी बघून सांगतो.